करड्याच्या नऊ पायऱ्या

गंगावेशीत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
इंगवले सर पडदा म्हणून जुनं धोतर ताणून बांधतात,
आणि इथेच कुठेतरी, नदीपलीकडच्या माळावर
कधीकाळी चित्रित झालेला बिनरंगी सिनेमा
आवाज बंद करून लावतात, मध्येच थांबवतात.
"गोष्ट बघू नका. गोष्ट नंतर.
डोळे बारीक करा."

आम्ही अकरा जण डोळे बारीक करतो.
नायिकेचं नाक जातं, नथ जाते,
पाटलाच्या फेट्याचे पीळ जातात.
उरतात चार-पाच डाग.
एक काळा, बाकीचे करडे,
आणि एक पांढरा, जो पांढरा नाहीच म्हणतात सर,
"तिसऱ्या पायरीचा आहे तो.
शेजारी अंधार बसलाय म्हणून मिजास करतोय."
खाली गिरणी सुरू झाली की
अख्खी फ्रेम बारीक थरथरते
आणि झोतात पीठ तरंगतं.
खरी पहिली पायरी ती.

गृहपाठ:
एक काळी ट्यूब, एक पांढरी, नऊ चौकोन.
मला पाचवा जमेना.
चौथ्याच्या घरी जेवायचा,
सहाव्याच्या घरी झोपायचा,
स्वतःचं घर म्हणून नाही.
सतराव्या कागदावर तो एकदाचा
जागेवर बसला, तेव्हा पहाटेची पाण्याची वेळ झालेली
आणि आई नळाखाली घागर लावता लावता म्हणाली,
"रात्रभर राख कालवत बसलीस होय?"

मग थांबली ती विहिरीची फ्रेम.
मागे सात बायका, नायिकेला जागा देऊन उभ्या.
"डावीकडून चौथी. लुगडं सहाव्या पायरीचं.
रंग कोणता असेल? रंगवून आणा."

मी हिरवा नेला.
रणधीर माळीने तांबडा.
महजबीनने जांभळा, काठासकट.
सरांनी तिन्ही कागदांचे फोटो काढले,
मोबाइलवर रंग पुसले.
तीन करडे.
एका पोटचे असावेत इतके सारखे.
"तिघंही बरोबर," सर म्हणाले,
"म्हणजे तिघांनाही काही ठाऊक नाही."

ती चौथी अजून आहे, मंगळवार पेठेत,
हे कळलं मला चपला शिवून घेताना.
इंदूबाई डवरी.
वय विचारलं की माशी हाकलावी तसा हात हलवते.
मोबाइल तिच्यापुढे धरला.
बराच वेळ बघत राहिली,
मग स्वतःला ओलांडून बोट पाचवीवर.
"ही चंपा. हिच्या पोरीला ताप हुता त्या दिवशी.
तशीच उभी केलीती."

आणि लुगडं, इंदूबाई?

"लुगडं कुठलं माझं? कंपनीचं.
सकाळी द्यायचं, सांजच्याला काढून घ्यायचं.
कपडेवाला म्हनायचा, कुठलंबी नेस गं,
पडद्यावर काय कळतंय?
रगताला काकवी चालायची तिथं.
मारामारी झाली की मुंग्या यायच्या मेलेल्या मानसावर."
हसली. दात नाहीत, तिथे नववी पायरी.
"मी निळं मागितलंतं.
दिलं न्हाई."

मग काय दिलं?

तिने डोळे बारीक केले.
तिला कुणी शिकवलं नव्हतं.
"ते न्हाई बघ आठवत.
निळं आठवतंय."

घरी आले. निळा कालवला.
उजळ होता तेव्हा चौथीवर चढून बसायचा,
काळा घातला की निळेपण सोडून द्यायचा.
थोडा तपकिरी, पुन्हा निळा, एक थेंब पाणी.
सहावीवर आला तेव्हा
बशीत उरला होता नखाएवढा.
तेवढ्यात पदर झाला, निऱ्या राहिल्या.

सरांनी कागद बघितला. फोटो काढला. रंग पुसला.
"बसतोय," म्हणाले.
"पण निळाच कशावरून?"
मी म्हटलं, "नव्हता तो निळा."
चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं त्यांनी,
आणि कागद परत दिला नाही.

त्या दिवशी पहिल्यांदाच सिनेमा पुढे सोडला.
चौथी वाकते, घागर कमरेवर घेते,
दोन पावलांत फ्रेमबाहेर.
विहिरीवर सहा बायका
आणि मध्ये एक जागा, पाचव्या पायरीची.
खाली गिरणीत कुणीतरी ज्वारी ओतली.
धोतर हललं.